शेजार निवडताना

अमेरिकेत घर देण्याघेण्यातील वर्णभेदास १९६८ साली कायद्याने बंदी झाली. तरी अनेक शहरांत गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या वस्त्या वेगळ्याच राहिल्या. असे का व्हावे? जुन्या अन्यायाचा वारसा हे एक कारण. दुसरे थॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये दाखविले : ‘शेजारी थोडे तरी आपले असावेत’ एवढ्या सौम्य इच्छेनेही सारे शहर दुभंगू शकते.

आपल्याकडेही मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वतांची सहकारी गृहसंस्था निघाली. २००५ साली तर सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहसंस्थेला सभासदत्व आपल्या समाजापुरते राखण्याची मुभा दिली.

द्रोणागिरीत सिडकोचे नवे सेक्टर आणि आगरी-कोळ्यांची जुनी गावे शेजारीशेजारी आहेत. मधली भिंत कोणी मुद्दाम बांधावी लागत नाही. आपण घर शोधतो, त्यातूनच ती उभी राहते. विद्यार्थीमित्रहो, उद्या घर घेताना एवढे ध्यानी असू द्यावे.