कार्बिमॅझोल घेण्याआधी ईएसआर

तापातून उठून दोन-तीन आठवडे झाले की माणूस तो ताप विसरतो. प्रस्तुत लेखिकाही विसरली होती. मग मानेच्या पुढच्या बाजूला दुखू लागलं. कळ जबड्यातून कानापर्यंत जायची, गिळताना त्रास व्हायचा, बसल्या जागी छाती धडधडायची. दाताच्या डॉक्टरांना दातात काही सापडलं नाही. अँटिबायोटिकचा कोर्सही वाया गेला. रक्तात टीएसएच अगदी कमी, म्हणजे थायरॉइड हार्मोन जास्त, निघालं तेव्हा एका दवाखान्यात तेवढ्यावरच कार्बिमॅझोल लिहून दिलं गेलं. मान दाबून पाहिली गेली नाही, शरीरातली सूज दाखवणारी ईएसआर ही रक्तचाचणीही केली नाही.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी निदान केलं: सबअ‍ॅक्यूट थायरॉयडायटिस.

यात थायरॉइड ग्रंथीला सूज येते, तिच्यातले कप्पे फुटतात आणि साठवलेलं हार्मोन रक्तात उतरतं. नवं हार्मोन जास्त बनतच नसतं. कार्बिमॅझोल मात्र फक्त नवं बनणं थांबवतं. टाकी फुटून पाणी वाहत असताना पंप बंद करण्यासारखंच ते.

स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द कर्व्हँ यांनी १९०४ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. १९५७ मध्ये इस्राएलच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मधून त्याचा गालगुंडाच्या विषाणूशी संबंध मांडला. २०२० मध्ये इटलीतल्या पिसाच्या डॉक्टरांनी कोविडनंतरची एक केस प्रसिद्ध केली. १८ वर्षांच्या त्या मुलीचं थायरॉइड महिनाभरापूर्वी नॉर्मल होतं. सौम्य कोविड झाला, आणि बरं वाटल्यावर ताप, मानदुखी, धडधड. स्टेरॉइडने दुखणं झपाट्याने ओसरलं, ४० दिवसांत रिपोर्ट पूर्ववत झाले. विषाणू थेट ग्रंथीत शिरतो की शरीराची प्रतिकारशक्तीच तिच्यावर उलटते, हा वाद संपलेला नाही. एचएलए-बी३५ हा जनुकीय प्रकार असणाऱ्यांना धोका जास्त, एवढं मात्र वारंवार दिसलं आहे.

म्हणूनच अलीकडे आलेला ताप, सर्दी, कोविड डॉक्टरांना आपणहून सांगावा. ते विचारतीलच असं नाही. ईएसआर किंवा सीआरपी ही सुजेची दुसरी रक्तचाचणी करून घ्यावी, या आजारात ईएसआर बहुधा खूप वाढलेला असतो. तरीही शंका उरली तर थायरॉइड स्कॅन निर्णायक ठरतो: ग्रेव्हज आजारात (ज्यात ग्रंथी खरोखरच जास्त हार्मोन बनवते) ग्रंथी स्कॅनसाठी दिलेलं किरणोत्सर्गी औषध भरपूर शोषते, इथे जवळजवळ नाहीच. (गरोदर असल्यास किंवा अंगावर पाजत असल्यास ते आधी सांगावं.) उपचार साधे आहेत. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, त्यांनी भागलं नाही तर स्टेरॉइड, धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल, पण दमा असेल तर ते चालत नाही. स्टेरॉइडचा डोस डॉक्टर सांगतील तसाच हळूहळू उतरवावा. घाईने बंद केल्यास दुखणं उलटतं.

दुखणं थांबलं की बहुतेक जण तपासणी सोडून देतात, आणि खरी काळजी तिथे आहे. अमेरिकेत मिनेसोटातल्या ओल्मस्टेड काउंटीत १९७० ते १९९७ दरम्यानच्या ९४ रुग्णांचा मागोवा घेतला गेला. त्यांतल्या ३४ टक्क्यांचं थायरॉइड सुरुवातीच्या काळात मंदावलं आणि १५ टक्क्यांना पुढे दीर्घकाळ थायरॉक्सिनची गोळी लागली. मधल्या काळातला थकवा, वाढतं वजन आणि बद्धकोष्ठता तापाच्या अशक्तपणावर ढकलू नये. टीएसएच दर सहा-आठ आठवड्यांनी, तो स्थिर होईपर्यंत, तपासत राहावा.