वर्गातील मुली आणि अध्यापनातील समदृष्टी

पुण्यातील भिडे वाड्यात १८४८ साली महात्मा जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली आणि सावित्रीबाईंनी तेथे अध्यापनाचे कार्य हाती घेतले. मुलीने शाळेचा उंबरठा ओलांडावा की नाही, हाच त्या काळचा प्रश्न होता. आज प्राथमिक शाळांच्या हजेरीपटावर मुलामुलींची नावे जवळजवळ बरोबरीने दिसतात. २०११ च्या जनगणनेत राज्यातील स्त्रियांची साक्षरता ७५.८७ टक्के आणि पुरुषांची ८८.३८ टक्के होती. अंतर उरले असले तरी वाटचाल निश्चितच मोठी आहे. तथापि, हजेरीपटावर नाव असणे आणि वर्गातील अध्यापनात बरोबरीचा वाटा मिळणे या भिन्न गोष्टी आहेत. या दुसऱ्या गोष्टीकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही.

स्वभाव की सवय?

मुलांना गणित जमते, मुलींचा ओढा भाषेकडे असतो, असा समज सर्वत्र रूढ आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी २००५ साली या विषयावरील ४६ संशोधन-आढाव्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. बहुसंख्य मानसिक गुणांच्या बाबतीत स्त्री-पुरुषांतील फरक अत्यल्प किंवा नगण्य असल्याचे त्यांना आढळले. आपल्या देशातही हंसाबेन मेहता यांच्या अध्यक्षतेखालील समितीने साठच्या दशकात मुलामुलींसाठी भिन्न अभ्यासक्रम नसावा, अशी भूमिका घेतली आणि १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने तिला दुजोरा दिला. अभ्यासक्रम एक झाला. परंतु तो शिकविण्याची रीत मात्र सर्वांसाठी एक राहतेच असे नाही.

वर्गात काय घडते?

सातवीचा विज्ञानाचा तास डोळ्यांसमोर आणावा. गुरुजी प्रश्न विचारतात. पुढच्या बाकावरील दोनतीन मुलगे हात वर होण्यापूर्वीच उत्तर देऊन मोकळे होतात. तास पुढे सरकतो. सूक्ष्मदर्शक मुलगे हाताळतात, मुली निरीक्षणे वहीत उतरवितात. मुलगा चुकला तर "पुन्हा विचार कर" असे सांगितले जाते. मुलगी अडखळली तर "बरं, बस खाली" म्हणून तिची सुटका केली जाते. तिच्या वाट्याला येणारी शाबासकी बहुधा सुवाच्य अक्षराची किंवा शांत बसण्याची असते. वर्ग झाडणे आणि रांगोळी काढणे मुलींकडे, तर बाके हलविणे आणि साहेबांसाठी खुर्ची आणणे मुलांकडे, ही विभागणी कोणी न सांगता होते.

यात कोणा शिक्षकाचा हेतू वाईट असतो असे नाही. मायरा आणि डेव्हिड सॅडकर या दांपत्याने अमेरिकेतील वर्गांचे दीर्घकाळ निरीक्षण करून १९९४ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही असेच चित्र आहे. मुलांकडे अधिक लक्ष दिले जात होते आणि शिक्षकांना त्याची जाणीवही नव्हती.

याच संदर्भात मेरी बड रो यांचे १९७० नंतरच्या दशकातील संशोधन उद्बोधक आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असे त्यांना आढळले. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढविताच उत्तरे अधिक विस्तृत होऊ लागली आणि एरवी गप्प बसणारे विद्यार्थीही बोलू लागले.

शिक्षिकांचे महत्त्व

१९८७ च्या खडू-फळा योजनेत एकशिक्षकी शाळांना दुसरा शिक्षक देताना तो शक्यतो स्त्री असावा, असे धोरण होते. त्यामागील दृष्टी योग्य होती. आंध्र प्रदेशातील शाळांविषयी मुरलीधरन आणि शेठ यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार शिक्षिकेच्या हाताखाली मुलींची प्रगती किंचित अधिक होते आणि मुलांचे त्यामुळे नुकसान होत नाही.

मात्र केवळ नेमणुकीने कार्यभाग साधत नाही. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या शिक्षिकांच्या मनात गणिताची धास्ती होती, त्यांच्या वर्गातील काही मुली वर्षअखेरीस गणित हे मुलांचेच क्षेत्र मानू लागल्या आणि त्यांची गणितातील प्रगतीही खुंटली. म्हणून शिक्षक-प्रशिक्षणात विषयज्ञानाबरोबर आत्मविश्वासालाही स्थान हवे.

मुलग्यांचेही या रीतीने हित होते असे नाही. अधिक शिक्षा त्यांनाच होते. चित्रकलेत किंवा कवितेत रमणाऱ्या मुलाची थट्टा होते. समदृष्टीचा लाभ त्यांनाही आहे.

काय करता येईल?

शिक्षकांनी प्रथम आठवडाभर नोंद ठेवावी. वहीत दोन रकाने आखून प्रश्न कोणाला विचारला, याची खूण एखाद्या विद्यार्थ्याकडून करून घ्यावी. स्वतःच्या वर्गाचे हे चित्र पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. त्यानंतर पटावरील क्रमाने प्रश्न विचारणे, तीन सेकंद थांबणे, प्रयोगाचे साहित्य आळीपाळीने हाती देणे आणि स्वच्छतेची पाळी सर्वांना लावणे, या गोष्टी सहज अमलात आणता येतील. त्यांसाठी वेगळा निधी लागत नाही.

केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकाऱ्यांनी शाळाभेटीत दप्तर तपासण्याबरोबर एक तास मागच्या बाकावर बसून हीच नोंद घ्यावी. 'बालभारती'ने २०१९ साली इयत्ता दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील दोघेही घरकाम करीत असल्याची चित्रे दिली. अशी चित्रे वर्गात चर्चेला यावीत, हेही भेटीत पाहता येईल.

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असणे आवश्यक आहे. समितीची बैठक मजुरीला जाणाऱ्या मातांना येता येईल अशा वेळी ठेवली, तरच या तरतुदीला अर्थ राहील. मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आणि तेथे पाणी, याची जबाबदारी पंचायतीने स्वतःची मानावी.

२०११ पासून राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. आज सातवीच्या वर्गात बसलेली मुलगी काही वर्षांनी सरपंच म्हणून ग्रामसभेपुढे उभी राहणार आहे. तेव्हा तिने अंदाजपत्रकावर प्रश्न विचारावा, असे वाटत असेल, तर प्रश्न विचारण्याची सवय तिला वर्गातच लागली पाहिजे. त्यासाठी गुरुजींनी तीन सेकंद थांबणे हे फार मोठे मोल नव्हे.