बाळाचे पोट उडते तेव्हा

“पोराचं नुसतं पोट उडतंय,” हे वाक्य आपल्यापैकी पुष्कळांनी घरातल्या वडीलधाऱ्या बायांच्या तोंडून ऐकले असेल. कला शाखेच्या विद्यार्थ्याने बालकांच्या श्वसनविकारांवर लिहावे, याचे कोणास नवल वाटेल. परंतु माझे कुतूहल या वाक्यापासूनच जागे झाले. धाप, ल्हाक, छाती भरणे, भाता चालणे, पोट उडणे. मुलाच्या श्वासासाठी आपल्या बोलींत इतके शब्द का असावेत? थोडे वाचन केल्यावर ध्यानात आले की या शब्दांत निम्मे निदान आहेच. त्याला फक्त आकडा जोडायचा राहिला होता.

मोठ्या माणसाच्या बरगड्या तिरप्या असतात. श्वास घेताना त्या वर उचलल्या जातात व छाती फुगते. तान्ह्याच्या बरगड्या मऊ आणि जवळजवळ आडव्या. त्यामुळे त्याचा सारा भार श्वासपटलावर. पटल खाली सरकले की पोट वर येते. म्हणजे निरोगी बाळाचेही पोट हलतेच. न्यूमोनियात फुप्फुसातील वायुकोश द्रवाने भरतात, फुप्फुस ताठर होते, एका श्वासात पुरेशी हवा मावत नाही. म्हणून मूल उथळ श्वास भराभर घेऊ लागते. दुखणे वाढले की श्वास आत घेतेवेळी बरगड्यांखालचा भाग उलट आत ओढला जातो. अशा मुलाला दवाखान्यात न्यायला वेळ लावू नये.

पण ‘भराभर’ म्हणजे किती? पापुआ न्यू गिनीतील गोरोका येथे फ्रँक शॅन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली याचे उत्तर मांडले. त्यांनी श्वासांची गती आणि छातीचे आत ओढले जाणे या दोन खुणांवर भिस्त ठेवली. नळी लावून छाती ऐकण्यावाचून अडू नये, हा हेतू. आज रूढ असलेली मर्यादा अशी : दोन महिन्यांच्या आतील बाळास मिनिटाला ६० वा अधिक श्वास, त्यापुढे वर्षापर्यंत ५० वा अधिक, आणि पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक. मूल शांत हवे, रडत वा पीत असता कामा नये, अंगडे वर करून पूर्ण एक मिनिट मोजावे. नवजाताचा श्वास मुळातच अनियमित. म्हणून आकडा जास्त आला तर पुन्हा मोजतात. मी माझ्या दहा महिन्यांच्या झोपलेल्या भाच्याचे श्वास मोजून पाहिले. ३२ भरले; पण नजर पोटावर ठेवायची की घड्याळावर, यातच माझी तारांबळ उडाली!

नेमकी हीच अडचण गडचिरोली जिल्ह्यातील सुइणींची होती, आणि त्यांतील अनेकींना पन्नासपर्यंत मोजताही येत नव्हते. ‘सर्च’ संस्थेचे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी त्यांच्यासाठी एक साधे यंत्र केले : एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आले की पुरे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार त्या भागातील बालमृत्यूंपैकी ४० टक्के न्यूमोनियाने होत. गावातील आरोग्यसेवक व सुइणींनी जेथे औषध दिले, तेथे न्यूमोनिया झालेल्या शंभरांत एकाहूनही कमी, ०.८ मुले दगावली. शेजारच्या भागात हे प्रमाण १३.५ होते.

अल्पशिक्षित बायांच्या हाती जंतुनाशक औषध द्यावे काय, हा आक्षेप मला अगदीच पोकळ वाटत नाही. दम्यानेही श्वास वाढतो, विषाणूंनीही वाढतो, आणि तेथे हे औषध वाया जाते. परंतु रुग्णालय जेथून दिवसभराच्या वाटेवर आहे, तेथे वरील दोन आकडे मला अधिक वजनदार वाटतात.

जन्मतःच न रडणाऱ्या बाळाचा प्रश्न याहून बिकट, कारण तेथे वेळ मिनिटांचा. पुष्कळ ठिकाणी सुइणी अशा वेळी वार शेकत. त्याऐवजी बाळ कोरडे करणे, ऊब देणे, पाठ चोळणे, आणि तरीही श्वास न आल्यास पिशवी-मुखवट्याने हवा देणे, हे गडचिरोलीतील आरोग्यदूत स्त्रियांना शिकवण्यात आले. त्यांनी ३९ गावांत घरोघरी जाऊन जंतुसंसर्गावरील उपचारही केले. तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, तेथील नवजात मृत्युदर हजारी २५.५ होता; तुलनेच्या गावांत ५९.६.

२०११ साली केंद्र सरकारने घरच्या घरी नवजात बालसेवेचे काम देशभरातील ‘आशा’ कार्यकर्तींकडे सोपवले. त्यानुसार दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी जाते. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. तिला दिलेल्या साहित्यात तापमापक आहे, वजनकाटा आहे, आणि श्वास मोजण्यासाठी एक मनगटी घड्याळ.