डोंगरावरील कॉफी आणि भंडाऱ्याचा शेतकरी

भाताच्या एका पिकावर वर्ष काढणाऱ्या शेतकऱ्यास एखादे नवे नगदी पीक हाती यावे असे वाटणे साहजिक आहे. अशा वेळी कॉफीचे नाव निघाले तर ग्रामसेवकाने चटकन होकार देऊ नये. कॉफीस पहिले फळ येण्यास तीन ते चार वर्षे लागतात. पाणी घालून झाड जगविले आणि फळ मात्र धरले नाही, तर ही चूक चौथ्या वर्षी कळते. तोवर जमीन व पैसा अडकून पडलेला असतो.

कॉफीच्या दोन मुख्य जाती आहेत. अरेबिका साधारणपणे १,००० ते १,५०० मीटर उंचीवर, १५ ते २५ अंश सेल्सिअस उष्णतामानात चांगली येते. रोबस्टा काहीशी काटक असून ५०० ते १,००० मीटर उंचीवर पिकते. भंडारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटरवर आहे, व मे महिन्यात तेथील पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तुमसर तालुक्यातील अंबागडचे डोंगर उंच दिसले तरी या हिशेबात ठेंगणेच होत. शिवाय कॉफीची कळी उमलण्यास मार्च-एप्रिलमध्ये एक चांगली सर व त्यानंतर फळ धरण्यास दुसरी सर लागते. भंडाऱ्याचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. सबब जिल्ह्यातील बांधीत अथवा टेकडीवर कॉफीची लागवड करू नये, हेच उत्तर योग्य होय.

विदर्भात कॉफीसाठी नाव घेतले जाते ते अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याचे. मेळघाटातील हे ठिकाण सुमारे १,१०० मीटर उंचीवर असल्याने इंग्रजी अमदानीत तेथे आणलेली कॉफी टिकली. तेथील क्षेत्र मात्र लहानच राहिले.

लहान शेतकऱ्याने डोंगरावर कॉफी कशी करावी, हे पाहण्यास आंध्र प्रदेशातील अराकू खोऱ्याकडे वळावे लागते. तेथील आदिवासी कुटुंबे पूर्वी डोंगरउतार जाळून फिरती शेती करीत. आता पुष्कळशी कुटुंबे एक-दोन एकरांत सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफी लावतात व त्याच झाडांवर मिरीचे वेल चढवितात. २०१९ मध्ये अराकू खोऱ्याच्या अरेबिकास भौगोलिक मानांकन मिळाले.

या शेतीचे सारे मर्म सावलीत आहे. कॉफीचे झाड मुळात रानातील मोठ्या वृक्षांखाली वाढणारे. रोपे लहान असताना पांगाऱ्यासारख्या लवकर वाढणाऱ्या झाडांची खालची सावली, आणि वर फणस, उंबर यांची कायमची सावली, अशी दुहेरी योजना करतात. गळालेल्या पानांचे खत होते, उतारावरील माती धरून राहते. अरेबिकाचा मोठा वैरी म्हणजे पांढरा खोडकिडा. त्याचे भुंगेरे उन्हात उघड्या पडलेल्या खोडाच्या भेगांत अंडी घालतात, म्हणून सावली विरळ झाली की उपद्रव वाढतो. किडलेले झाड मुळासकट उपटून जाळावे लागते. लावणाऱ्याच्या जिवावर येते, पण शेजारची झाडे त्यानेच वाचतात. तांबेरा रोगाची गोष्टही विसरू नये. श्रीलंकेत १८६९ मध्ये तो दिसला, आणि पुढे तेथील कॉफीचे मळे मोडून चहा लागला.

फळे एकदम पिकत नाहीत, म्हणून लाल झालेली तेवढीच हाताने वेचून तोडणी अनेकदा करावी लागते. घरची माणसे असलेल्या लहान शेतकऱ्यास हे काम मोठ्या मळेवाल्यापेक्षा अधिक चांगले साधते. तोडलेल्या फळांची साल त्याच दिवशी काढावी, चिकट थर आंबवून व धुऊन टाकावा, आणि दाणे उंच माचीवर वाळवावेत. मातीवर पसरलेल्या दाण्यास मातीचा वास लागतो व भाव उतरतो. साधारण सहा किलो फळांतून एक किलो स्वच्छ कॉफी मिळते.

भावाचा भरवसा मात्र कोणी देऊ शकत नाही. १९८९ मध्ये जागतिक करारातील कोटापद्धती मोडली आणि दर कोसळले. २००१-०२ च्या सुमारास ते पुन्हा तळाला गेले. अशा वर्षी मिरी, फणस व घरचे धान्य असलेला शेतकरी तगतो. केवळ कॉफीवर विसंबलेला कर्जात जातो.

भंडाऱ्याने या डोंगरातून रोप आणू नये, रीत आणावी. झाड उभे ठेवून त्याच्यावर उत्पन्न काढण्याची विद्या या जिल्ह्यास परकी नाही. ऐन व अर्जुन यांच्या पानांवर टसर रेशमाच्या अळ्या वाढविण्याचे काम येथील धीवर समाज पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. येथेही वृक्ष तोडल्यास धंदाच बुडतो. येथेही पाखरांपासून राखण, कोषांची निवड व वाळवण घरच्या माणसांनीच करावयाची असते. पावसाळी हंगामापूर्वी झाडांची छाटणी अशा बेताने करावी की अळ्या सोडतेवेळी कोवळा पाला तयार असेल. अंडीपुंज जिल्हा रेशीम कार्यालयामार्फत रोगमुक्त असेच घ्यावेत. रानातून गोळा केलेल्या कोषांपासून घरी धरलेली अंडी वरून चांगली दिसतात, पण रोग आईकडून अंड्यात उतरतो. तो आहे की नाही हे अंडी घातलेली मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावाचून कळत नाही.