सायकलकडे परतणाऱ्यासाठी माळावरची सोपी वाट

द्वितीय वर्ष, कला (भूगोल)

शाळेत असताना सायकल चालवली आणि पुढे ती सुटली, अशी माणसे आपल्या जिल्ह्यात घरोघर आहेत. कोणाच्या घरी मोटारसायकल आली, कोणाचे लग्न झाले, कोणाची सायकल नुसतीच गोठ्यात गंजली. असे माणूस पाच-सात वर्षांनी पुन्हा सायकलवर बसले की तोल लवकर परत येतो; दम आणि मांड्यांची ताकद मात्र सावकाश येते. या मधल्या काळात वाट कोणती निवडावी, याचा विचार बीड जिल्ह्याच्या भूगोलाच्या आधारे करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अमेरिकेतील युटा राज्यात, मोआब गावाजवळ, उघड्या वालुकाश्मावरची एक वाट डोंगरी सायकलस्वारांत जगप्रसिद्ध आहे. ती १९६९ साली आखली गेली ती मुळात मोटारसायकलींसाठी. तिकडे वाटांना रंग देतात : हिरवी सोपी, निळी मध्यम, काळी अवघड. बर्फावरून घसरण्याच्या खेळातून आलेली ही पद्धत चढ, रुंदी आणि वाटेतले अडथळे मोजते. ऊन, वारा आणि पाणी मोजत नाही. आपला जिल्हा वाळवंट नव्हे, पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला अवर्षणप्रवण मुलूख आहे. येथे सोपी वाट म्हणजे जिच्यावरून थकल्यावरही घरी परतता येते ती, असे मला वाटते.

नकाशा पाहिला तर उत्तरेकडचा गोदाकाठ, म्हणजे गेवराई-माजलगावचा सखल भाग सोपा दिसतो आणि दक्षिणेकडची बालाघाटची रांग अवघड. प्रत्यक्षात कच्च्या वाटेवर पुष्कळदा उलटे घडते. गोदाकाठची जमीन काळी. पावसाळ्यात तिचा चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये असा बसतो की चाकच फिरेनासे होते, आणि ज्या सायकलवर बसून जायचे तीच खांद्यावर घ्यावी लागते. उन्हाळ्यात त्याच जमिनीला चाक अडकेल एवढ्या भेगा पडतात. उलट बालाघाटचा माथा बेसाल्टचा; त्याच्या झिजेतून झालेला मुरूम पाणी धरून ठेवत नाही. पाऊस उघडला की गाडीवाट लवकर टणक होते, आणि एकदा माथ्यावर पोहोचले की मांजरसुंबा-पाटोद्याकडचा माळ बराचसा सपाट लागतो. म्हणून नवशिक्याने बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढण्याचा हट्ट धरू नये. सायकल टेम्पोत घालून वर न्यावी आणि सुरुवात माथ्यावरूनच करावी. यात लाज कसली?

कालव्याच्या कडेचा रस्ताही अनेकांना सुचेल. जायकवाडीचा उजवा कालवा आपल्या जिल्ह्यातून जातो, आणि पाणी आपोआप वाहावे म्हणून कालव्याला उतार अगदी थोडा ठेवलेला असतो, त्यामुळे रस्ता जवळजवळ सपाट. परंतु एका बाजूला खोल पाणी, कठडा नाही, आणि हँडल अजून डुगडुगते आहे! पहिल्या महिन्यात मी तरी तो सुचवणार नाही.

आणखी एक फसवणूक उताराची. कपिलधार, सौताडा ही ठिकाणे सर्वांच्या आवडीची; पण दोन्ही दरीत. जाताना पाय हलवावे लागत नाहीत, येताना मात्र थकलेल्या पायांनी सगळा चढ अंगावर येतो. सौताड्याचा धबधबा वरच्या काठावरून पाहून माघारी फिरण्यात कमीपणा नाही. चढ जाताना असावा, उतार येताना.

वाऱ्याचेही तसेच. बालाघाटच्या माळावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. तेव्हा जाताना पश्चिमेला जावे, म्हणजे परतताना तोच वारा पाठीवर घेतो. हिवाळ्यात तो बहुधा पूर्वेकडचा असतो, तेव्हा दिशा बदलावी.

सायकलला उत्तम काळ दिवाळीपासून होळीपर्यंतचा. पण आपल्याकडे याच काळात माणसे ऊसतोडीला जातात. आमच्या वस्तीवर तेव्हा म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे एवढीच उरतात. पंक्चर झाले, चक्कर आली, तर हाक मारायला रानात कोणी नसते. कोणत्याही देशातल्या हिरव्या खुणेवर ही गोष्ट लिहिलेली नसेल.

माझी थोरली बहीण दहावीपर्यंत सायकलवर शाळेला जाई. सहा वर्षांनी तिने १७ नंबरचा फॉर्म भरून बारावीला बसायचे ठरवले. मार्गदर्शनाचे तास तालुक्याच्या गावी. आई-वडील तोडीवर, त्यामुळे नेऊन सोडणारे कोणी नाही. डांबरी रस्ता सात किलोमीटर, पण त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. माळावरची वाट नऊ किलोमीटर. आम्ही लांबची निवडली, कारण तिच्यावर दोन वस्त्या लागतात, आणि दोन्हीकडे आजारी-म्हातारे का होईना, माणूस असते. एके ठिकाणी बारमाही हापसा आहे. पहिल्या दिवशी ती तीन किलोमीटर जाऊन, दम लागण्याच्या आधीच वळली. दम लागल्यावर वळले तर निम्मी वाट अजून बाकीच असते. तिसऱ्या आठवड्यात ती तासाला पोहोचली.

काट्यांचे मात्र सांगितले पाहिजे. माळावर सराटा आणि वेडी बाभूळ दोन्ही आहेत. ट्यूबला ठिगळ लावण्यापूर्वी टायरच्या आतून बोट हळूहळू फिरवून काटा शोधावा. तो आत राहिला तर नवे ठिगळ शंभर पावलांत फुटते. माझ्या बहिणीच्या वाटेवर ओढ्याजवळ बाभळीचा एक पट्टा आहे. तेवढ्यापुरती ती उतरते, सायकल हाती धरून चालते आणि पलीकडे पुन्हा बसते.