नवीन गाडीचं पहिलं इंजिन ऑइल कधी बदलायचं? धंद्याच्या गाडीचा हिशोब



धंद्यासाठी पहिली गाडी घेताना डाउन पेमेंट किती ठेवायचं, यावर आपण व्हिडिओत बोललो. त्यात एक मुद्दा मी दोन मिनिटांत उरकला होता, तो आज नीट लिहितोय. गाडी दारात आली, हार-नारळ झाला, पेढे वाटले. आता पहिलं इंजिन ऑइल कधी बदलायचं?

जितक्या लोकांना विचाराल तितकी उत्तरं मिळतील. काका म्हणतात ५०० किलोमीटरला, ओळखीचा मेकॅनिक म्हणतो हजारला, शोरूमवाला म्हणतो अजून वेळ आहे. माझं स्वतःचं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे, ऑइलचे डबे विकून माझं घर चालतं. तरीपण सांगतो, आजच्या बहुतेक चारचाकी गाड्यांना ५०० किंवा १,००० किलोमीटरला ऑइल बदलायची गरज नसते.

काका खोटं बोलत नाहीत हां. नवीन इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत एकमेकांवर घासून बसतात. त्या घासण्यात धातूचा अगदी बारीक कीस निघतो आणि ऑइलमध्ये उतरतो. जुन्या काळी मशिनिंग आजच्याइतकं अचूक नव्हतं, कीस जास्त निघायचा, आणि मिनरल ऑइल लवकर थकायचं. म्हणून पहिलं ऑइल लवकर काढून टाकायची पद्धत पडली. आता पार्ट्स जास्त बारकाईने बनतात, फिल्टर चांगले आहेत, ऑइल बऱ्याचदा सिंथेटिक असतं. काही कंपन्या तर कारखान्यात भरलेलं ऑइल मुदतीआधी काढू नका असंच सांगतात.

मोटारसायकलचं मात्र वेगळं. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच ऑइलमध्ये फिरतात, सगळ्यांचा कीस एकाच ठिकाणी जमतो. म्हणून तिथे पहिल्या सर्व्हिसलाच, म्हणजे साधारण ५०० ते १,००० किलोमीटरला, ऑइल बदलतात. डिलिव्हरीसाठी बाइक घेतली असेल तर ती सर्व्हिस चुकवू नका. तोच नियम चारचाकीला लावला जातो, आणि तिथेच गोंधळ होतो.

डॅशबोर्डच्या कप्प्यातलं पुस्तक काढा

गाडीसोबत मिळालेलं ओनर्स मॅन्युअल बहुतेकांच्या गाडीत प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच येत नाही. ते काढा आणि मेंटेनन्सचा तक्ता बघा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांमध्ये ऑइल बदलायची मुदत १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष अशी असते. पुढे लिहिलेलं असतं ‘जे आधी येईल ते’. हे चार शब्द धंदेवाल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे.

समजा तुमचा टेम्पो रोज ७० किलोमीटर चालतो, महिन्याला २६ दिवस. म्हणजे महिन्याला १,८२० किलोमीटर. १०,००० व्हायला साडेपाच महिने पुरतात. तुम्ही ‘वर्ष झालं की सर्व्हिस’ असं डोक्यात धरून बसलात तर तोवर गाडी २१,००० च्या पुढे गेलेली असेल.

आता उलटं बघा. एखादी ताई घरून केक बनवून देते. गाडी रोज १२ किलोमीटर, वर्षाला जेमतेम साडेतीन हजार. तिला वाटतं अजून १०,००० कुठे झाले? पण तिच्या ऑइलची मुदत वर्षाने संपली. शिवाय दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पूर्ण तापतच नाही. आत जमलेली वाफ उडून जात नाही, थोडं न जळलेलं पेट्रोलही ऑइलमध्ये उतरतं. कमी चाललेली गाडी म्हणजे ताजं ऑइल, असं नसतं.

त्याच तक्त्याजवळ अजून एक तक्ता असतो, खडतर वापराचा. धुळीचे रस्ते, सतत ओझं, घाट, थांबत-थांबत चालणारा ट्रॅफिक, छोट्या फेऱ्या, इंजिन चालू ठेवून उभं राहणं. आता मला सांगा, यातलं आपल्या धंद्याला काय लागू होत नाही? नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाटातून वाशी मार्केटला जाणारा पिकअप आणि रविवारी फिरायला निघणारी घरची कार, दोघांची मुदत सारखी कशी असेल? धंद्याची गाडी असेल तर सरळ खडतर वापराचा तक्ता धरा. त्यात मुदत कमी दिलेली असते. मीटर थांबलेला असतो पण इंजिन फिरतच असतं, हे विसरू नका. गाडी चालू ठेवून माल उतरवणं, एसी लावून गिऱ्हाइकाची वाट बघणं, याचे किलोमीटर कुठे मोजले जातात?

‘फुकट’ सर्व्हिस चुकवू नका

पहिली सर्व्हिस अनेक गाड्यांना १,००० किलोमीटरच्या आसपास असते. तिच्यात बहुतेक वेळा फक्त तपासणी होते, ऑइल बदलत नाहीत. त्यामुळे ‘काहीच करत नाहीत, कशाला दिवस मोडायचा’ म्हणून लोक जात नाहीत. जा. पुढे इंजिनाचं काही निघालं आणि वॉरंटी मागायला गेलात की आधी सर्व्हिसची नोंद बघतात. आणि फुकट म्हणजे मजुरी फुकट. ऑइल आणि फिल्टरचे पैसे साधारणपणे द्यावेच लागतात. तेवढी रक्कम आधीच बाजूला ठेवा.

पहिल्या हजार किलोमीटरमध्ये ऑइलपेक्षा चालवण्याची पद्धत जास्त महत्त्वाची. पूर्ण एक्सिलरेटर दाबू नका, तासन्‌तास एकाच वेगाने चालवू नका, कमाल ओझं भरू नका. पूजा झाली की दुसऱ्याच दिवशी गाडीची पाठ टेकेपर्यंत माल भरणारे मी खूप बघतो. दहा-पंधरा दिवस दोन फेऱ्या करा, पण कमी भरा.

पैशाचं बोलू

समजा ऑइल आणि फिल्टर मिळून ३,००० रुपये लागतात. १०,००० किलोमीटरला बदललं तर किलोमीटरमागे ३० पैसे. ५,००० ला बदललं तर ६० पैसे. रोज ७० किलोमीटर चालणाऱ्या टेम्पोला फरक पडतो दिवसाला २१ रुपये, म्हणजे दोन कटिंगचे पैसे. आता दुसरी बाजू. इंजिन उघडावं लागलं आणि गाडी १५ दिवस उभी राहिली. भाड्याचा टेम्पो दिवसाला १,५०० धरला तरी २२,५०० झाले, रिपेअरिंगचं बिल वेगळं, आणि हप्ता तर बँक थांबवत नाही. भाडं ठरवताना हे पैसे किलोमीटरच्या दरात धरा. डिझेल आणि ड्रायव्हर सगळे धरतात, ऑइल-टायर कोणी धरत नाही, मग सर्व्हिस आली की गल्ल्यात हात घालावा लागतो.

पण स्वस्तात उरकायला कुठलंही ऑइल टाकू नका. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर २०डब्ल्यू-५० ‘जाड असतं, चांगलं असतं’ म्हणून कोणी दिलं तरी घेऊ नका. आजच्या इंजिनातल्या बारीक वाटांतून जाड ऑइल सकाळी थंडीत लवकर पोचत नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर गाळणारा डीपीएफ असेल तर कमी राख होणारं ऑइलच लागतं, नाहीतर तो फिल्टर तुंबतो. त्याची किंमत एकदा विचारून बघा!

रंगावरून मात्र ठरवू नका. डिझेल गाडीचं ऑइल थोड्या दिवसांत काळं होतं. काजळी पकडून ठेवणं हे त्याचं कामच आहे. सीएनजीवर ते बराच काळ स्वच्छ दिसतं, म्हणून मुदत वाढत नाही. चहात दूध घातल्यासारखं दिसलं तर मात्र पाणी शिरलंय, लगेच दाखवा.

आठवड्यातून एकदा सपाट जागी, इंजिन बंद करून पाचेक मिनिटांनी डिपस्टिक बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. नवीन इंजिन सुरुवातीला थोडं ऑइल खाऊ शकतं. डीपीएफवाल्या गाडीत पातळी उलट वाढलेली दिसली तर डिझेल ऑइलमध्ये उतरलेलं असू शकतं, तेही दाखवा. आणि चालत्या गाडीत ऑइलच्या झारीचा लाल दिवा लागला तर ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ नको. तो दिवा प्रेशर गेल्याचा आहे. बाजूला घ्या, इंजिन बंद करा.

शेवटची कागदाची गोष्ट. बिल धंद्याच्या नावाने आणि तुमच्या जीएसटी नंबरवर घ्या, त्यावर किलोमीटर लिहून घ्या. मालवाहू गाडी असेल आणि तुम्ही कंपोझिशनमध्ये नसाल तर सर्व्हिसवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं. माल डिलिव्हरीसाठी साधी प्रवासी कार वापरत असाल तर ते सहसा मिळत नाही. गाडी बुक करण्याआधी तुमच्या सीएंना हे विचारून घ्या.