सीएसआरचे पैसे वेगळे, नुकसानभरपाई वेगळी



कंपनीने जाळी वाटली, बर्फाच्या पेट्या दिल्या की आपण म्हणतो, "चला, भरपाई मिळाली." ती भरपाई नसते, म्हणून आज लिहितोय.

सीएसआर आला कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 मधून, 1 एप्रिल 2014 पासून. आधीच्या वर्षी कंपनीची नेटवर्थ 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक जरी असेल तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकामाला द्यावे लागतात. सरासरी नफा 300 कोटी असेल तर 6 कोटी.

आता नीट बघा. टक्के नफ्याचे आहेत, आपल्या नुकसानीचे नाहीत. धंदा बसला, सरासरी तोट्यात गेली, तर सीएसआर शून्य. खाडीचं पाणी मात्र कंपनी तोट्यात गेली म्हणून साफ होत नाही! आपल्या उधन्यातले बहुतेक छोटे लूमवाले तर या मर्यादेत येतच नाहीत, आणि भागीदारी पेढीला हे कलमच लागू नाही. मोठे आकडे हजीऱ्याकडे.

भरपाईचा हिशोब वेगळा. उरणला जेएनपीटीच्या चौथ्या टर्मिनलच्या भरावामुळे कोळी बांधवांची मासेमारी गेली. ते हरित लवादात गेले. 27 फेब्रुवारी 2015 ला पुण्याच्या खंडपीठाने 1630 कुटुंबांना 95 कोटी 19 लाख द्यायला सांगितले, म्हणजे घरटी 5 लाख 84 हजार. जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी, तिघांवर बोजा. प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टात गेलं, ते असो. पण हा आकडा कुणाच्या नफ्यावरून काढलेला नव्हता.

आणि दुसऱ्या कायद्याने जे करणं कंपनीला भागच आहे, ते सीएसआरमध्ये धरता येत नाही. नियमातच तसं आहे.

म्हणून सीएसआर नको असं नाही. जेट्टीवर लाइट, मुलांना शिष्यवृत्ती, जरूर मागावं. कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदाच म्हणतो. 2022 मध्ये नमुना बदलेपर्यंत वार्षिक अहवालात प्रत्येक कामापुढे जिल्हा आणि 'स्थानिक क्षेत्र: हो की नाही' लिहिलेलं असायचं. त्या जुन्या अहवालांतला तो रकाना आधी बघा, मग मागणीपत्र लिहू.

फक्त सामान घेताना जो कागद सहीला येतो, त्यात "आता आमचा कोणताही दावा राहिला नाही" अशी ओळ आहे का ते वाचा. असेल तर सही करू नका, कागदाचा फोटो आधी ऑफिसला पाठवा.

– सेक्रेटरी